मिताहार आणि मनोनिग्रह

देहाचा भार उतरविण्यासाठी जो मनुष्य आहार आवरू पाहतो, त्याचा पहिला उत्साह ओसरल्यावर त्याने कशाच्या बळावर टिकून राहावे, हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्याहून अधिक अध्यात्माचा आहे. निराहारी पुरुषापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मात्र मागे उरते, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आणि जिव्हेवर केवळ मनाईहुकूम बजावून उपाशी राहणाऱ्याचे चित्त दिवसभर अन्नाभोवतीच घुटमळते, हा अनुभव त्याची साक्ष देतो. म्हणूनच सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि अनशन या दोहोंनाही योगाची बाधा मानून युक्त आहाराचा पक्ष घेतला आहे.

असा युक्त आहार अंगवळणी पडतो तो अभ्यासाने, आणि योगसूत्रकार पतंजलींच्या मते अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केल्याने. या तीन अटींत आदराची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण स्वतःच्या देहाचा तिरस्कार करून पत्करलेला नियम पहिल्या स्खलनाबरोबर ढासळतो, तर त्याच देहाला साधनेचे अधिष्ठान मानणारा मनुष्य पुन्हा शांतपणे पानावर बसतो. तेव्हा आज नियम मोडला असेल, तर उद्या उपास करून त्याची वसुली करू नका. पुढचे जेवण वेळेवर आणि बेताने जेवा.