स्थिर आकार

इचलकरंजीत दोन भावांचा यंत्रमाग कारखाना होता. वडील होते तोवर ९६ माग एकाच छपराखाली चालायचे आणि हजेरीवर ६० माणसे असायची. वडील गेले आणि मधोमध भिंत आली. थोरल्याकडे ४८ माग आणि ३० माणसे, धाकट्याकडेही तेवढीच. वाटणी गोडीत झाली. तिच्यातला एक फायदा दिवाणजीने दोघांच्याही कानावर घातला होता. वीज नाही म्हणून किंवा नैसर्गिक आपत्ती आली म्हणून काम बंद ठेवावे लागले, तर औद्योगिक विवाद कायद्याने वर्षभर हजेरीवर असलेल्या कामगाराला निम्मा पगार द्यावा लागे. पण ते कलम ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागू नव्हते. साठाचे तीस-तीस झाले आणि दोघेही भाऊ कायद्यातून अलगद सुटले.

दोघेही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. आपण विणून द्यायचे आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी घ्यायची. माग बंद तर व्यापारी छदामही देत नाही. मालकाला जे मिळत नाही ते तो कामगाराला कुठून देणार, हा थोरल्याचा सवाल अगदीच खोटा नव्हता. फरक एवढाच, की माग आठवडाभर बंद राहिले तर मालकाच्या घरी काळजी शिजते आणि कामगाराच्या घरी काहीच शिजत नाही.

लाईट गेली म्हणजे कामगार रिकामा, असे बाहेरच्याला वाटते. एकेका विणकराकडे चार-चार माग. खटखटाट एकदम थांबला, की अंधारात चाचपडत प्रत्येक मागाचा दांडा पाडावा लागतो, नाहीतर लाईट येताच सगळे माग एकदम सुटतात. धोटा मध्येच अडकलेला असतो, त्याने ताण्याच्या तारा तुटतात. त्या एकेक करून जोडायच्या. पुन्हा माग सुरू झाला की नेमक्या त्याच जागी कापडावर पट्टा उमटतो आणि तागा तपासताना त्याची खराबी विणकराच्या नावावर पडते. म्हणजे लाईट जाते महावितरणची आणि पैसे कापले जातात विणकराचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढू लागली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ती ओलांडून वर वर चालले होते, पुढे ते ५५ फुटांच्याही वर गेले. महामार्ग बंद झाला. इचलकरंजीतही सखल भागात पाणी शिरू लागल्यावर एके दिवशी सकाळीच वीजपुरवठा बंद करण्यात आला.

धाकट्याने दहा वाजता मेन स्विच पाडला. “आधी आपापल्या खोलीतलं सामान वर काढा. लाईट आली की निरोप धाडतो,” म्हणाला.

भिंतीपलीकडे थोरल्याने सगळ्यांना बसवून ठेवले. लाईट कधीही येईल म्हणे. विजापूरकडचा एक विणकर नदीवेशीकडे राहायचा. तो दोनदा येऊन उभा राहिला.

“मालक, खोलीत पाणी यायलंय म्हणून फोन आलाय. जाऊन येतो.”

“आणि लाईट आली तर तुझे चार माग कोण चालवणार? मी?”

पाळी सुटेपर्यंत लाईट आली नाही. विणकर गेला तेव्हा गल्लीत कमरेएवढे पाणी होते. बायको-पोरांना शेजाऱ्यांनी शाळेत हलवले होते, पण पिठाचा डबा, अंथरुणे, मुलीचे दप्तर आणि रेशनकार्ड ठेवलेली पिशवी पाण्यात गेली. दिवसभर बसल्याची मजुरी शून्य, कारण विणलेले कापड शून्य.

वीज आठवड्याने आली. पहिल्याच पगाराला धाकट्याने मागच्या महिन्याची सरासरी काढून बंद दिवसांची निम्मी मजुरी वाटली. त्यापायी त्याचा बँकेचा हप्ता थकला. थोरला चिडला. “कायद्यात नाही ते द्यायला लागलास तर आमची माणसं उद्या आमच्या उरावर बसतील. धंदा बिघडवू नको.” धाकटा काही बोलला नाही. थोरल्यापुढे तो एरवीही फार बोलायचा नाही.

पुढच्या महिन्यात वीजबिल आले. थोरला ते घेऊन तणतणत महावितरणच्या कचेरीत गेला. गाडीवर मागे त्याचा म्हातारा जॉबर होता, वडिलांच्या वेळचा.

“आठवडाभर तुमची लाईट नव्हती. युनिट कमी पडलेत ते दिसतंय. मग हा स्थिर आकार पुरा कसा लावला?”

“तो वापराचा नसतो साहेब,” खिडकीतला माणूस म्हणाला. “खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, तुमच्यासाठी राखून ठेवलेला भार, त्याचा असतो तो. माग चालू असोत नाहीतर बंद.”

थोरल्याने आणखी थोडा वाद घातला आणि पैसे भरले. उशीर झाला तर दंड लागतो.

परतताना जॉबर म्हणाला, “मालक, एक बोलू? तारा राखून ठेवल्या म्हणून तुम्ही पैसं भरलासा. आम्ही तीस माणसं दिवसभर अंधारात तुमच्यासाठी राखूनच होतो की. आमचा स्थिर आकार कुणी भरायचा?”

थोरला एका वाक्याने पालटला असे लिहायला मलाही आवडले असते. तसे झाले नाही. घरी जाऊन त्याने हिशेब मांडला, मग निम्म्याऐवजी पाव देता येईल का ते पाहिले, मग फक्त बसवून ठेवलेल्या दिवसाचे द्यावे असे ठरवले, आणि तेही पुढच्या पगारावर ढकलले. दरम्यान विजापूरचा विणकर गावी निघून गेला होता. चार माग उभे राहिले. पुरानंतर चांगला विणकर मिळणे कठीण झाले होते. शेवटी थोरल्याने स्वतः फोन लावला. पिकामागे दर थोडा वाढवून देतो म्हणाला.

“दराचं ऱ्हाऊ द्या. लाईट नसल्यावर काय देणार?”

“निम्मी हजेरी.”

“आणि पाणी आलं तर घरी सोडणार?”

“सोडणार.”

“लिवून देताय?”

म्हणून दारालगतच्या फळ्यावर दोन ओळी आल्या : लाईट नसेल त्या दिवसाची निम्मी मजुरी मिळेल. पुराचा इशारा आल्यास कामगारांनी आधी घर गाठावे. विणकर आला. बुडालेला दिवसही सगळ्यांना मिळाला, थोडा उशिरा.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोक्याच्या वर गेली, माग बंद पडले आणि फळ्यावर लिहिल्याप्रमाणे पैसे दिले गेले. दिवाणजीने मात्र आदल्या संध्याकाळी ओले फडके हातात घेऊन, फळा जरा पुसून काढू का, असे मालकांना विचारून पाहिले होते.