वाचले ते कळले काय?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी २०१० साली एका संगणकाला अहोरात्र इंटरनेट वाचून माहिती शिकावयास बसविले. इंटरनेटवरील ‘कुकीज’ त्याने खाण्याची बिस्किटे ठरविली. माणसे कुकीज पुसतात तशा फायलीही पुसतात, तेव्हा फायलीही भट्टीतलेच जिन्नस! हसू येते खरे. पण ही चूक दिसली, म्हणून माणसांनी ती सुधारली. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या गोंडी पोथ्यांचे काय? त्यांच्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१८ साली. त्यापूर्वी त्या अक्षरांना संगणकांत सर्वमान्य ओळखच नव्हती. ज्यांचा शब्दच तेथे पोचला नाही, त्यांच्याविषयी यंत्र परक्यांचे ऐकून साक्ष देणार. तिचा जाब यंत्राला कसा विचारावा?