गॅलरीची खालची बाजू

आमच्या खाडीकाठच्या घराची वाटणी झाली तेव्हा तळमजला चाचांकडे गेला आणि माडी आमच्याकडे आली. माडीच्या गॅलरीचा तळ लोखंडी पत्र्याचा. त्याच्यावर आम्ही चालतो, बसतो. त्याच पत्र्याची खालची बाजू म्हणजे चाचीच्या ओट्याचे छत. ती कोणी सांभाळायची, हे वाटणीच्या कागदात लिहिलेले नाही.

दरवर्षी रमजान ईदच्या आधी आम्ही त्या पत्र्याला ऑइलपेंटचा एक हात देत आलो. पाहुणे 'नवीकोरी दिसते' म्हणत आणि आम्ही खूश होत असू. चाची मधूनमधून सांगे, "बेटा, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल कण पडतात." आम्ही म्हणायचो, "खारी हवा आहे, चाची." हे खोटे नव्हते. मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि लोखंड लवकर गंजते. पण खरे बोलूनही हात झटकता येतात.

यंदा रंगाऱ्याने आधी हातोडी ठोकून पाहिली. कुठे आवाज खणखणीत, कुठे बद्द. बद्द जागी तारेचा ब्रश घासला तर रंगाचे पापुद्रे निघाले, कितीतरी ईदांचे, आणि त्यांच्याखाली लाल भुगा. एका जागी तर खालचा ओटा दिसला. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो रंगाला आतून फुगवतो, फोडतो आणि फटीत पाणी धरतो. दिल्लीच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर जमलेला पातळ थरच त्याचे कवच झाला. आपल्या बाजारातल्या पत्र्याचे नशीब तसे नाही. तो खरवडावाच लागतो.

रंगारी म्हणाला, "भाई, लांबी भरून रंग मारतो. दोन वर्षे कोणाला कळणार नाही." खर्च ऐकून मोह झाला, हे लपवत नाही. आम्ही कोणाला काही विकत नव्हतो, मग यात फसवणूक कोणाची? पण फसवायला खोटे बोलावेच लागते का? आपल्याला धोका कळलेला आहे, तो दुसऱ्याच्या डोक्यावर आहे आणि आपण गप्प आहोत, याला काय म्हणायचे? चाचीचा नातू त्याच ओट्यावर रांगतो.

आणखी एक गोष्ट टोचली. पत्रा जास्त खाल्ला गेला होता तो खालून. पाऊस वरचे मीठ धुऊन नेतो, खालचे तसेच राहते. आणि खालच्या बाजूला इतक्या वर्षांत आम्ही एकदाही रंग दिला नव्हता, कारण ती आम्हाला दिसत नव्हती. चाचीला रोज दिसत होती.

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. उरलेला गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावले. उघडे लोखंड आमच्या हवेत रातोरात तांबूस होते. खालून रंगवायला शिडी चाचीच्या ओट्यावर लावावी लागली. आधी जाऊन तिला सगळे सांगितले. "मी किती वर्षे सांगतेय," एवढेच ती म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढू लागली.