निष्कारण

पुणेकर उधळ्या आहे, असे त्याच्या शत्रूनेही कधी म्हटलेले नाही. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करावा, नळ ठिबकू देऊ नये, पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडावा, हे संस्कार येथे मुलाला बाराखडीबरोबरच मिळतात. तोच मुलगा मोठेपणी मोटारीत बसून कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या चौकात तांबड्या दिव्यापाशी थांबतो, तेव्हा इंजिन मात्र चालूच ठेवतो. खांबावर सेकंदांचे आकडे उलटे मोजले जात असतात. म्हणजे किती थांबावयाचे हेही त्याला ठाऊक असते. तरी हात किल्लीकडे जात नाही. घरातला नळ बंद करणारा हात येथे का आखडतो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आधी हिशेब पाहू. लहान मोटार उभ्या उभ्या मिनिटाला साधारण दहा मिलिलिटर पेट्रोल जाळते. म्हणजे चहाचे दोन चमचे, आजच्या भावाने रुपयाभर. तापलेले इंजिन पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन दहा सेकंद ते चालू ठेवण्यापेक्षा अधिक नसते. पूर्वीची गोष्ट निराळी होती. कार्ब्युरेटरच्या काळात थंडीच्या सकाळी चोक ओढून, स्कूटर एका अंगावर कलती करून, लाथांमागून लाथा मारून जे इंजिन एकदाचे जागे केले, ते वाटेत बंद करणे म्हणजे भलतेच धाडस होते. आता इंधन मोजूनमापून आत जाते आणि गाडी एका बोटाने सुरू होते. कारण गेले, सवय राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

पण सगळा दोष सवयीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. सवयीच्या पाठीशी एक युक्तिवादही उभा असतो : पेट्रोल माझे, पैसे माझे, ते मी कसे जाळावे हे सांगणारे तुम्ही कोण? रुपयाभर नुकसान मी आनंदाने सोसतो. काटकसर हा सद्गुण असला, तरी तिची धाव स्वतःच्या खिशापर्यंतच असते. आणि खिसा तक्रार करीनासा झाला की तिला बोलावयास काही उरत नाही.

येथे एक जुनी पत्रे आठवतात. १९३० साली याच पुण्यातल्या येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर मंगळवारी पत्र लिहीत आणि एकेका व्रताचे विवरण करीत. अस्तेयाविषयी लिहिताना त्यांनी चोरीची व्याख्या फार रुंद केली. ज्या वस्तूची आपल्याला खरी गरज नाही ती घेणे, मग देणाऱ्याची संमती का असेना, हीसुद्धा त्यांच्या मते चोरीच. प्रथम वाचताना हे अतिरेकी वाटते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत चोरी कसली?

परंतु आपण पैसे मोजले ते कशाचे? तेल उपसण्याचे, शुद्ध करण्याचे, वाहून आणण्याचे, आणि सरकारच्या कराचे. पृथ्वीच्या पोटात ते तयार होण्यास जी कोट्यवधी वर्षे लागली, त्यांची किंमत त्या पावतीत नाही. आपला देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. १९७३ साली अरब राष्ट्रांनी पुरवठा आखडला आणि काही महिन्यांत तेलाचे भाव सुमारे चौपट झाले, तेव्हा जे आपले वाटत होते ते किती परके आहे, हे साऱ्या जगाला कळले. आणि धुराची परवानगी तर आपण कोणाकडूनच विकत घेतलेली नसते. लिटरभर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच्या जोडीने जे विषारी वायू निघतात, ते मागच्या दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेल्या मुलीच्या, दिवसभर चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या, शाळा सुटल्यावर फाटकाशी येणाऱ्या पोरांच्या छातीत जातात. पैसे देऊन वस्तूची मालकी मिळते. परिणामांतून सुटका मिळत नाही.

वाहनांची चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावाने तर पुणेकर एक टेकडीच ओळखतात. पेट्रोलच्या गाडीला पीयूसी प्रमाणपत्र देताना तिचा धूर मोजतात, तो गाडी जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून. म्हणजे उभी गाडी निरुपद्रवी नसते, हे कायद्यालाही मान्य आहे.

यावर एक आक्षेप असा, की रस्ते अपुरे, बस वेळेवर नाही, आणि उपदेश मात्र बिचाऱ्या नागरिकाला! आक्षेप खरा आहे. चौकातला माणूस इंजिन बंद करतो म्हणून महापालिकेचे किंवा पीएमपीचे कर्तव्य कमी होत नाही. पण त्यांचे कर्तव्य अपुरे राहते म्हणून आपलेही संपत नाही. जर्मनीत गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. दिल्ली सरकारने २०२० साली तांबडा दिवा लागताच गाडी बंद करण्याची मोहीम काढली. असे उपाय हवेतच. मात्र प्रत्येक किल्लीमागे शिपाई उभा करता येत नाही.

माझ्या मते या प्रश्नाचे महत्त्व दोन चमच्यांत नाही. आपण जे जे जाळतो त्याच्या बदल्यात कोणाचे तरी काही भले होते : कोणी कामावर पोचतो, कोणी आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. म्हणून तेथे तारतम्याने विचार करावा लागतो. वैशाखातल्या दुपारी मागे म्हातारी आई बसली असेल आणि तिच्यासाठी गारवा चालू ठेवला, तर त्यालाही गरजच म्हणावे. रांग पुढे सरकत असता कोणी गाडी बंद करू नये. पण लक्ष्मी रस्त्याच्या एखाद्या गल्लीत मालकाची खरेदी होईपर्यंत रिकामी गाडी घुरघुरत असते, तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय असते? काहीच नसते. कोणाचा लाभ नाही, कोणाची सोय नाही. हानी मात्र आहे, आणि ती थोडी असली तरी दुसऱ्याची आहे. त्यागाच्या मोठ्या परीक्षा फार थोड्यांच्या वाट्याला येतात. येथे त्याग असा काही करावयाचाच नाही. ज्यात आपले काही जात नाही, तेवढेच दुसऱ्यासाठी करावयाचे आहे. एवढेही जमत नसेल, तर जेथे खरोखर काही सोडावे लागेल तेथे आपण कसे वागू, हे सांगण्यास ज्योतिषी नको.