छापून आलेल्याची फेरतपासणी

शोधनिबंध नामांकित नियतकालिकात छापून आला की त्याची तपासणी संपली, असे धरून चालण्याची सवय प्राध्यापकांना आहे तशीच पत्रकारांनाही. प्रत्यक्षात छपाईपूर्वी तो दोन-तीन समीक्षकांनी वाचलेला असतो, तोही बहुतेकदा बिनमोबदला आणि स्वतःच्या कामातून सवड काढून. कच्ची आकडेवारी किंवा प्रयोगाच्या वह्या त्यांच्यासमोर क्वचितच येतात. 'द लॅन्सेट'ने २२ मे २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध छापला, तेव्हा या व्यवस्थेचे उणेपण सगळ्यांना दिसले. सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतल्या सुमारे ९६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदींवरून हे औषध घातक ठरत असल्याचे त्यात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने तीनच दिवसांत या औषधाची आपली चाचणी थांबवली. मग बाहेरचे वाचक आकडे ताडून पाहू लागले. ऑस्ट्रेलियातील मृत्यू निबंधात ७३ दाखवले होते. त्या तारखेपर्यंत त्या देशात नोंदले गेलेले मृत्यू होते ६७. ही विसंगती दिसायला हृदयरोगतज्ज्ञ असावे लागत नाही. शंभरावर डॉक्टरांनी आणि संशोधकांनी खुले पत्र लिहून मूळ माहिती मागितली, निबंधासाठी नोंदी पुरवणाऱ्या 'सर्जिस्फिअर' कंपनीने ती स्वतंत्र तपासणीसाठी दिली नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला.

छापील निबंधावर जाहीर हरकत घेता यावी, हे आता तत्त्वतः फारसे कुणी नाकारत नाही. खरा वाद आहे तो हरकत घेणाऱ्याने नाव सांगावे की नाही, यावर. माझे म्हणणे असे की नावाची सक्ती करू नये. सक्ती करायचीच तर पुराव्याची करावी. या प्रश्नावर नुसता तर्क लढवण्याची गरज नाही, कारण दोन्ही वाटा चोखाळून झाल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये 'पबमेड कॉमन्स' हे निबंधांवर अभिप्राय नोंदवण्याचे व्यासपीठ सुरू केले. तिथे केवळ शोधनिबंधांच्या लेखकांनाच, आणि तेही स्वतःच्या नावाने, लिहिता येत असे. २०१८ मध्ये ते बंद झाले, तेव्हा २ कोटी ८० लाख निबंधांपैकी जेमतेम ६ हजारांवर अभिप्राय आले होते. 'पबमेड कॉमन्स'च्या एक वर्ष आधी निघालेले 'पबपीअर' निनावी लिहू देते, आणि ते आजही चालू आहे. या फरकामागे नाव हे एकमेव कारण नसेलही. पण विद्यापीठांतली उतरंड ज्याला ठाऊक आहे, त्याला ते कारण किरकोळ वाटणार नाही. ज्यांच्या निबंधातली चूक दाखवायची तेच उद्या मुलाखतीच्या समितीवर असतात, निधी मंजूर करणाऱ्यांत असतात, प्रबंधाचे परीक्षकही असतात. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहिली, म्हणून त्यांतल्या मुद्द्यांचे वजन कुणी कमी धरत नाही.

निनावीपणाआडून हेवेदावे चालतील, हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत एका कर्करोग संशोधकाची नवी नोकरी 'पबपीअर'वरील मजकुरामुळे गेल्याचा दावा झाला आणि प्रकरण न्यायालयात पोचले. मिशिगनच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये लिहिणाऱ्यांच्या निनावीपणाला संरक्षण दिले. त्याहून अस्वस्थ करणारे उदाहरण जपानचे आहे. पेशींना सौम्य आम्लाचा धक्का देऊन त्यांना मूलपेशींसारखे करता येते, असे सांगणारे दोन निबंध 'नेचर'मध्ये जानेवारी २०१४ मध्ये आले. त्यांतल्या चित्रांवर वाचकांनी लवकरच बोट ठेवले आणि जुलैत निबंध मागे घेतले गेले. ऑगस्टमध्ये त्यांचे एक ज्येष्ठ सहलेखक योशिकी सासाई यांनी आत्महत्या केली. त्यांच्यावर गैरप्रकाराचा ठपका नव्हता, देखरेखीत कमी पडल्याचा होता. अशा मृत्यूपुढे 'विज्ञान स्वतःला दुरुस्त करते' हे वाक्य फार थंड वाटते. तरीही दोष नेमका कुठे होता, हे पाहायला हवे. चित्रांवरची हरकत बरोबर होती. माणसाला घेरले ते त्यानंतरच्या प्रसिद्धीने, ज्यात निबंधापेक्षा व्यक्तींचीच चर्चा जास्त झाली. म्हणून निबंधातली आकृती, तक्ता, आकडा दाखवा आणि तिथेच थांबा. हेतू, चारित्र्य, नियत यांवर अक्षर नको, हा नियम हवा. नाव देऊन लिहिलेली बदनामीही बदनामीच असते. उलट 'या दोन चित्रांतला पट्टा एकच आहे' हे कुणीही म्हटले, तरी ते पडताळायला निबंध उघडणे पुरते. बंगळूरुच्या 'नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस'मधील (एनसीबीएस) एक निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला, तोही चित्रांवर अशाच हरकती आल्यावर.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशी तपासणी डोळ्यांना दिसणारे दोष पकडते. युक्तिवादातला किंवा पुराव्याच्या निवडीतला दोष तिच्यातून निसटतो. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंध चाळून सुमारे ३.८ टक्क्यांत संशयास्पद चित्रे दाखवली (२०१६). ते काम थोरच, पण इतिहासाच्या निबंधात पट्टे नसतात. तिथे तळटीप असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या अमुक रुमालातला (कापडी गाठोड्यातला) कागद अमुक सांगतो, असे लेखक म्हणतो, तेव्हा तेही तपासता येते. फक्त त्यासाठी मोडी येणाऱ्या माणसाला दफ्तरात जाऊन तोच रुमाल सोडावा लागतो. म्हणजे ही कसोटी मानव्यविद्यांना लागू पडत नाही असे नाही, ती तिथे महाग पडते. आणि हा खर्च उचलायला आपली व्यवस्था तयार नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची निघाली. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही युजीसीने २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादीचा आधार गेल्यावर संस्थांना निबंध स्वतः वाचावे लागतील, अशी आशा करायला हरकत नव्हती. पण बढतीच्या अर्जात छापलेल्या निबंधाला गुण आहेत. दुसऱ्याचा निबंध मुळाशी जाऊन तपासला आणि त्यातली चूक पुराव्यानिशी मांडली, तर ते लिहायला रकाना नाही. तो आधी तयार करावा लागेल. निनावी लिहिणाऱ्याला तो भरता येणार नाही हे खरे, पण नाव देण्याचे धाडस ज्यांच्यात आहे, त्यांना निदान त्याचे काही मोल मिळेल.