मढवलेला उकिरडा

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणीत धीर आहे तसा टोमणाही आहे: उकिरड्याचे उघडते, मग तुझे का उघडू नये! डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे गावात 2014 साली ते शब्दशः उघडले. कचरा जाळून वीज आणि घराघराला ऊब पुरवणाऱ्या तिथल्या कारखान्याला एरिक व्हान एगेराट या डच वास्तुकाराने तांबूस-तपकिरी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा अंगरखा चढवला. बाहेरच्या पत्र्याला गोल भोके आहेत. रात्री दोन आवरणांमधले दिवे लागले की इमारत राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसताना दिसते. तिचे टोक 97 मीटर उंच जाते. डेन्मार्कचे राजेराण्या जिथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या गावातल्या जुन्या कॅथेड्रलच्या शिखरांना ते जोड देते.

देवळाच्या शिखराशेजारी कचऱ्याचे शिखर शोभते का? हा प्रश्न दिसायला वास्तुकलेचा. मुळात तो सोवळ्या-ओवळ्याचा आहे. आणि तो विचारायला परभणी जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही, कारण गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव.

तेराव्या शतकातली ही बाई नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा, झाडलोट हा तिचा दिवस आणि तीच तिची उपासना. तिच्या नावावरच्या एका अभंगात ती अंगण झाडते आणि विठ्ठल केर भरतो. पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन बाहेर टाकून येतो. संतांच्या चमत्कारांत मेलेली गाय उठते, भिंत चालते. त्यांच्यापुढे हा चमत्कार अगदी किरकोळ दिसतो. पण पचायला तोच जड, कारण ज्या समाजाने केर उचलणे जन्माने ठरवून दिले, त्याच समाजाचा देव इथे पाटीखाली उभा आहे. यात केराचे फूल होत नाही की पाटी सोन्याची होत नाही. केर केरच राहतो. फक्त उचलणारा बदलतो.

रॉस्किल्डेचा वास्तुकार मात्र पाटी सोन्याची करू पाहतो. त्यात गैर काय, असेही विचारता येईल. धातूचा पत्रा चढवण्याला मराठीत सुंदर शब्द आहे: मढवणे. गाभाऱ्याची दारे चांदीने मढवतात, उंबरा पितळेने मढवतात. खंडोबाच्या दगडी लिंगावर धातूचा मुखवटा चढतो, तो पालखीत बसतो आणि माणसे त्याच्या पाया पडतात. त्याला खोटे कोणी म्हणत नाही. पण राजकारणातल्या कोणाचा मुखवटा गळून पडला असे आपण म्हणतो, तेव्हा तोच शब्द लबाडी दाखवतो. भाषेने दोन्ही अर्थ जपले आहेत. देवाचा मुखवटा दर्शनाला बोलावतो. लबाडाचा मुखवटा दर्शन टाळतो.

गंगाखेड तालुक्यातच धारासूरला गुप्तेश्वराचे जुने मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची शिल्पे, आणि आत गाभारा साधा, अंधारा. कारागिरांनी सगळे वैभव बाहेर उधळले ते आतले झाकण्यासाठी नव्हे. भिंत पाहत पाहत प्रदक्षिणा करायची आणि शेवटी आत जायचे, असा तो रस्ता आहे.

कचऱ्याच्या मढवलेल्या इमारतीला हीच कसोटी लावता येते: तिच्या आत जायला वाट आहे का?

व्हिएन्नातली श्पिटेलाउ ही कचरा जाळणारी भट्टी 1987 साली आगीत होरपळली. तिला नवे रूप देण्याची विनंती हुंडर्टवासर या चित्रकाराला झाली. तो स्वतः पर्यावरणवादी. त्याने आधी नकार दिला, मग होकार दिला. 1992 पर्यंत भिंती रंगीबेरंगी झाल्या आणि धुराड्यावर सोनेरी गोळा चमकू लागला. आज पर्यटक तिथे फोटो काढतात. लोकांचा प्रश्न धुराचा होता, तुम्ही उत्तर रंगाने दिलेत, असा आक्षेप अशा सजावटीवर नेहमी येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण धूर गाळणारी यंत्रणा चोख असेल, तर रंगाने कचऱ्याला निदान शहरात तोंड दाखवण्याची मुभा मिळते, हेही खरे.

हिरोशिमाने निराळी वाट धरली. योशिओ तानिगुची यांनी 2004 मध्ये बांधलेल्या नाका भट्टीच्या पोटातून काचेचा एक रस्ता आरपार समुद्राकडे जातो. शांतता स्मारकाकडून समुद्राकडे येणारी रेषा इमारतीने अडवू नये, हा त्यामागचा विचार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झगमगती यंत्रे, मधून चालणारी माणसे. राखेचा अर्थ ज्या शहराला सांगावा लागत नाही, त्याने राख करणारे घर उघडे ठेवले आहे.

मराठवाड्यात पत्र्याची ओळख वेगळीच आहे. इथे पत्रा म्हणजे गोठा, जिनिंग, टपरी आणि कचऱ्याची शेड. मे महिन्यात परभणीचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा एकेरी पत्र्याखाली ओला-सुका निवडणाऱ्या बाईच्या डोक्यावर तवाच असतो. ओल्या कचऱ्याच्या वाफेने पत्रा आतूनच गंजत जातो. म्हणून रॉस्किल्डेचे दुहेरी, भोकांचे आवरण इथे नक्षी म्हणून नव्हे, सावली म्हणून आणले तर कामाचे. दोन थरांमध्ये हवा खेळती राहिली, तर बाहेरचा पत्रा तापला तरी आतला इतका तापणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारी बाजू आणि बाईच्या पाठीशी असणारी बाजू, पत्रा कोणासाठी मढवायचा हे आराखडा काढतानाच ठरते. कचऱ्याचे काम परंपरेने ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना नुसती देखणी भिंत देऊन आत तीच पाटी तशीच ठेवली, तर जनाबाईचा अभंग तिथे लागू होत नाही.

सकाळी गल्लीत घंटागाडी येते. देवळातली घंटा माणूस देवासाठी वाजवतो. ही माणसासाठी वाजते. दारे उघडतात. बादली धरलेला हात होईल तितका लांब होतो, मान दुसरीकडे वळते, आणि गाडीवर उभी असलेली बाई वाकून ती बादली दोन्ही हातांनी घेते.