दाराखाली दिसणारे पाय

रेणापुरात रेणुकादेवीच्या देवळापासून जवळच्या एका आळीत चिमी नावाची सहा वर्षांची मुलगी राहत होती. आईची लातूरला नोकरी, वडील दिवसभर शेतात. त्यामुळं चिमीची वेणी, डबा, शाळा सगळं आजीकडं. चिमी तशी धीट. गोठ्यातल्या देवणी गाईच्या पोटाखालून वाकून पलीकडं जायची, अंधारात अंगणातली बादली आणायची. भ्यायची ती एकाच गोष्टीला. घराबाहेरच्या संडासाला.

त्याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी प्रवासात एका स्टँडवर आईनं तिला आत पाठवलं आणि स्वतः पिशव्या सांभाळत बाहेर थांबली. आत दिवा नव्हता. लावलेली कडी निघेना. तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी टाकीची साखळी ओढली आणि भिंतीतून धबाधबा आवाज आला. ओरडून ओरडून चिमीचा घसा बसला. दार उघडलं तेव्हा आईनं तिला कवेत घेतलं खरं, पण तिच्या तोंडून निघालं ते असं, “शी! कुठं कुठं हात लावलास? घाण असती इथं सगळी!”

त्या दिवसापासून चिमीच्या मनात भीती आणि किळस जोडीनं राहायला आल्या.

शाळेतून पाण्याची बाटली जशीच्या तशी परत येऊ लागली. आजीला वाटे, पोरगी खेळाच्या नादात विसरत असेल. मग एक दिवस चिमीच्या ओटीपोटात दुखू लागलं, लघवीला आग होऊ लागली, ताप चढला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि औषध लिहिता लिहिता सांगितलं, “पोरगी पाणी पीत नाही आणि लघवी तुंबवून ठेवते. मुलींचा लघवीचा मार्ग आखूड, जंतू लवकर वर चढतात. औषधानं हे बरं होईल. पण तुंबवणं सुटलं नाही तर पुन्हा होईल. शौचाचंही तेच. धरून ठेवलं की खडा होतो, खडा झाला की दुखतं आणि दुखतं म्हणून लेकरू आणखी धरून ठेवतं.”

घरी आल्यावर ज्यानं त्यानं आपापला उपाय काढला. वडील रागावले, “एवढी मोठी झालीस अन् भ्यायलीस कशाला?” काकानं बाहुली कबूल केली. आत्यानं बुवाचं भय घातलं. चिमी सगळ्यांचं ऐकून घेई आणि पायावर पाय आवळून बसे.

त्या रात्री आजीला आजोबा आठवले. नवा गोऱ्हा शिकवायचा तर आजोबा पहिल्याच दिवशी त्याला नांगराला जुंपत नसत. आधी नुसतं जू मानेवर, ओझं काही नाही. मग जुन्या बैलाच्या जोडीला लावून एखादा ओंडका ओढायला द्यायचा. बुजला तर थांबायचं, पाठीवर हात ठेवायचा, पण तिथून पळू द्यायचं नाही. “काठीनं जनावर चालतं, बुजरेपण जात नाही,” असं ते म्हणायचे.

पुढच्या रविवारी सकाळी आजी चिमीला घेऊन गावातल्या सार्वजनिक शौचालयाकडं गेली. सफाईच्या मावशींना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, धुऊन कधी होतं म्हणून. दोघी बाहेरच्या ओट्यावर बसल्या. मावशी खराट्यानं फरशी घासत होत्या, बादलीनं पाणी मारत होत्या.

“वास कशाचा यायलाय?” चिमीनं नाक दाबलं.

“फिनेलचा. म्हणजे आत्ताच धुतलंय.”

तेवढंच झालं आणि दोघी घरी आल्या. चिमीला नवल वाटलं. तिला कुणी आत ढकललं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी त्या आत गेल्या. दार सताड उघडं. आजीनं टाळी वाजवली, टाळीला टाळीचं उत्तर आलं. चिमीनं “ओ” दिली, भिंतींनी “ओ” दिली. तिला हसू फुटलं. पण आजीनं दार नुसतं लोटलं मात्र, ती धूम पळत ओट्यावर आली. आजी काही बोलली नाही. थोडा वेळ तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, “आजच्याला एवढं पुरं.”

तिसऱ्या खेपेला आवाजाची पाळी होती. “आवाज तू काढायचा,” आजी म्हणाली. “एक, दोन, तीन!” चिमीनं टाकीची साखळी ओढली आणि कान झाकले. मग एकच कान झाकला. चौथ्यांदा दोन्ही हात मोकळे होते.

“पाणी कुठं चाललंय?”

“नळातून खालच्या टाकीत. त्याला जायची घाई असती, म्हणून ओरडतंय.”

“मला नाही ना ओढून नेणार?”

आजी हसली नाही. तिनं चिमीची चप्पल त्या भोकाशेजारी धरून दाखवली. एवढीशी चप्पलसुद्धा जायची नाही, तर चिमी कशी जाईल? पावलं ठेवायच्या जागा मात्र मोठ्या माणसांच्या मापाच्या होत्या, चिमीचे पाय फाकत. म्हणून सुरुवातीला आजी समोर उभी राहून तिचे दोन्ही हात धरी.

मग कडी. दार उघडं ठेवून चिमीनं ती वीसेकदा लावली आणि काढली. घट्ट बसली तर आधी दार थोडं आपल्याकडं ओढायचं, मग कडी सरकवायची, हे तिला स्वतःलाच उमगलं. शेवटी दार बंद करायचा दिवस आला तेव्हा आजी म्हणाली, “आतून खाली बघ. दाराखाली माझे पाय दिसायलेत तोवर मी इथंच.”

चिमी आत गेली. दाराखालच्या फटीतून आजीच्या भेगाळलेल्या टाचा आणि जोडवी दिसत होती. कडी लागली, पाण्याचा आवाज आला, कडी निघाली. त्या आठवड्यापासून शाळेतून बाटली रिकामी परत येऊ लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-नात तुळजापूरला निघाल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं आणि चिमीच्या वयाला ते होतंच. दोघींचं मिळून एक तिकीट झालं. लातूरला गाडी बदलली. औसा गेलं. ऊन मी म्हणत होतं. चिमी घोट घोट पाणी पीत होती आणि दर घोटाला बाटली आजीपुढं धरत होती.

“नको गं. मला तहान नाही.”

पुढच्या एका स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. चिमी म्हणाली, “आजी, मला जायचंय.” ती गेली. बाहेर आजीचे पाय होतेच. बाहेर येऊन नळावर साबणानं हात धुतले आणि म्हणाली, “आता तू जा.”

“मला नाही लागली.”

“कशी लागेल? सकाळपासून पाणीच पिली नाहीस.”

आजी गप्प झाली. बाईमाणसानं गावाला निघताना पाणी पिऊ नये, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. उभ्या जन्मात तिनं ते मोडलं नव्हतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली तर बाहेरच्या संडासात पाणी कुठून असणार, म्हणत ती सवय आणखी पक्की झाली होती. नव्या गोऱ्ह्याला तिनं शिकवलं. पण जोडीला लावलेला जुना बैलच बुजरा निघाला.

“तू पण भितीस का?” चिमीनं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

आजीनं मान हलवली.

“मग मी थांबते दाराशी. खाली बघ. माझे पाय दिसायलेत तोवर मी इथंच.”

आजी आत गेली. खाली मान घालून पाहिलं तर दाराखाली दोन इवलीशी पावलं होती, एका सँडलचा पट्टा सुटलेला. ती जरासुद्धा हलत नव्हती.

बाहेर आल्यावर आजीनं आधी तो पट्टा लावून दिला, मग हात धुतले. गाडीत बसल्यावर चिमीच्या हातून बाटली घेतली आणि निम्मी रिकामी केली.

तात्पर्य : लेकराची भीती धाकानं दडते, सोबतीनं जाते. आणि ज्या दारातून आपण स्वतः जायला कचरतो, त्या दारातून लेकराला एकटं पाठवू नये.